मायक्रोसॉफ्ट आणि वेबची खुली अवजारं: काय उघडं झालं, काय बंद राहिलं

आज कुणी नव्याने वेबसाइट बनवायला शिकत असेल तर त्याच्या लॅपटॉपवर काय काय असतं बघा. कोड लिहायला व्हीएस कोड. सुरुवातीला जावास्क्रिप्ट, आणि जरा पुढे गेलं की टाइपस्क्रिप्ट. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले तयार भाग आणायला एनपीएम. केलेलं काम ठेवायला आणि चारचौघांना दाखवायला गिटहब. साइट नीट चालते की नाही हे आपोआप तपासायला प्लेराइट. सुरुवात करायला यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. व्हीएस कोड, टाइपस्क्रिप्ट आणि प्लेराइट यांचा तर मूळ कोडही कुणाला वाचता येतो, बदलता येतो. जावास्क्रिप्ट सोडली तर या पाचही गोष्टी आज एकाच कंपनीच्या हातात आहेत, आणि ती कंपनी मायक्रोसॉफ्ट आहे.

याच कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी २००१ मध्ये शिकागो सन-टाइम्स या वृत्तपत्राशी बोलताना लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमला कॅन्सर म्हटलं होतं. त्याआधी, १९९८ मध्ये, कंपनीच्या आतली काही टिपणं बाहेर फुटली होती. त्यांत ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा दर्जा चांगला असू शकतो आणि म्हणूनच ते आपल्या धंद्याला धोका आहे, असं सरळ लिहिलेलं होतं. मग मे २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाच्या एका कार्यक्रमात जाहीरपणे मान्य केलं की ओपन सोर्सच्या बाबतीत मायक्रोसॉफ्ट इतिहासाच्या चुकीच्या बाजूला उभी होती.

हा बदल कसा झाला याचं नेहमीचं उत्तर म्हणजे 'सत्या नडेला आले आणि कंपनीचं मन बदललं'. नडेला फेब्रुवारी २०१४ मध्ये सीईओ झाले आणि त्यांच्या काळात बदलाला वेग आला, हे खरं आहे. पण सुरुवात त्याच्या कितीतरी आधी झाली होती, तीही एका लहानशा लायब्ररीपासून. आणि कंपनीच्या मनात डोकावण्यापेक्षा तीन गोष्टी पाहिल्या तर सगळं जास्त स्पष्ट होतं, असं मला वाटतं: पैसा कुठून येतो, कोणता परवाना निवडला, आणि कोणता भाग अजून कुलपात आहे.

परवान्यातला फरक

प्रोग्रॅमर जे लिहितो तो मूळ कोड, म्हणजे सोर्स. तो माणसाला वाचता येतो. त्यापासून मशीनला चालवता येईल असं रूप तयार होतं. सॉफ्टवेअर विकण्याचा धंदा वाढला तो या दुसऱ्या रूपाच्या जोरावर: चालणारा प्रोग्रॅम द्यायचा, मूळ कोड आपल्याकडे ठेवायचा, आणि प्रत्येक प्रतीचे पैसे घ्यायचे. बिल गेट्स यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये हौशी संगणकप्रेमींना एक जाहीर पत्र लिहिलं होतं. आमचं बेसिक भाषेचं सॉफ्टवेअर तुम्ही फुकट कॉपी करता, मग चांगलं सॉफ्टवेअर लिहिणं कुणाला परवडेल, असा त्यांचा सवाल होता. मायक्रोसॉफ्ट वाढली ती याच विचारावर.

ओपन सोर्समध्ये मूळ कोड उघडा असतो आणि सोबत एक परवाना असतो. वापरा, बदला, पुढे वाटा, अशी मुभा त्यात लिहिलेली असते. हे परवाने ढोबळमानाने दोन स्वभावांचे आहेत. जीपीएल हा परवाना म्हणतो: माझ्या कोडवर काही रचून ते दुसऱ्यांना वाटणार असाल तर तुमचा कोडही याच अटींवर उघडा करा. लिनक्सचा परवाना हा. दुसऱ्या प्रकारात एमआयटी, अपाची वगैरे येतात. त्यांचं म्हणणं एवढंच: काय करायचं ते करा, हवं तर तुमच्या बंद उत्पादनात घाला आणि विका, फक्त मूळ लेखकाच्या हक्काची आणि परवान्याची नोंद काढू नका. ही एवढीशी अट लक्षात ठेवा. लेखाच्या शेवटी ती पुन्हा लागणार आहे.

बाल्मर यांचा राग मुख्यतः जीपीएलवर होता. लिनक्स ज्याला शिवतं त्याला बौद्धिक संपत्तीच्या दृष्टीने चिकटतं, असा त्यांच्या वाक्याचा रोख होता. ही भीती अवास्तव होती, कारण नुसतं लिनक्स वापरल्याने कुणाचाही कोड उघडा करावा लागत नाही. जीपीएलची अट लागू होते ती त्या कोडवर आधारलेलं काही तुम्ही वाटता तेव्हा. पण त्या भीतीकडे पाहिलं की एक गोष्ट कळते. एमआयटीसारख्या परवान्याचा कोड घेण्यात मायक्रोसॉफ्टला तेव्हाही मोठी अडचण नव्हती. दार उघडलं ते तिथूनच.

२००८: जेक्वेरी

त्या काळात वेबसाइट बनवणाऱ्याचा निम्मा वेळ ब्राउझरांशी झगडण्यात जायचा. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी थेट ऑक्टोबर २००६ मध्ये. मधल्या पाच वर्षांत फायरफॉक्स, सफारी आणि ऑपेरा पुढे गेले होते. साधं बटण दाबल्यावर काहीतरी घडवायचं म्हटलं तर एक्स्प्लोररसाठी एका पद्धतीने लिहायचं आणि बाकीच्यांसाठी दुसऱ्या. चुकलं तर एकीकडे साइट चालायची, दुसरीकडे कोलमडायची.

जॉन रेसिग या तरुण प्रोग्रॅमरने जानेवारी २००६ मध्ये जेक्वेरी ही लायब्ररी जाहीर केली. लायब्ररी म्हणजे आयता कोड, जो आपण आपल्या कामात जोडून घेतो. जेक्वेरीने सगळ्या ब्राउझरांमधले फरक आपल्या पोटात घेतले. तुम्ही एकदाच, एकाच पद्धतीने लिहायचं. कोणत्या ब्राउझरला ते कसं सांगायचं हे जेक्वेरी बघून घेणार. पानावरचा हवा तो भाग शोधणं, तो लपवणं-दाखवणं, पान पुन्हा लोड न करता सर्व्हरकडून माहिती आणणं, हे सगळं दोन-तीन ओळींत होऊ लागलं. लोकांनी ती उचलून धरली यात नवल नाही.

मायक्रोसॉफ्टकडे तेव्हा याच कामासाठी स्वतःची एक लायब्ररी होती. नेहमीच्या रीतीने जेक्वेरीतल्या चांगल्या गोष्टी त्यात नव्याने लिहिता आल्या असत्या. सप्टेंबर २००८ मध्ये कंपनीच्या वेब अवजारांचे प्रमुख स्कॉट गथ्री यांनी वेगळीच घोषणा केली: आम्ही जेक्वेरी आहे तशी व्हिज्युअल स्टुडिओ या आमच्या कोड लिहायच्या अवजारासोबत देणार आहोत. तिची वेगळी मायक्रोसॉफ्ट आवृत्ती काढणार नाही. परवाना एमआयटीचाच राहील. आम्हाला काही दुरुस्ती सुचवायची असेल तर ती बाकी सगळ्यांसारखीच जेक्वेरीच्या टीमकडे पाठवू. आणि जेक्वेरी वापरणाऱ्या ग्राहकाला अडचण आली तर मायक्रोसॉफ्टची तांत्रिक मदत मिळेल.

आज हे वाचून कुणाला विशेष वाटणार नाही. पण 'आहे तशी' हे त्यातलं खरं वळण होतं. तोपर्यंत मायक्रोसॉफ्टने बाहेरची गोष्ट घेतली की ती विंडोजच्या सोयीने वाकवायची, हा अनुभव होता. शिवाय मोठ्या बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती अशा ठिकाणी ज्याच्या मागे कुणी जबाबदार पुरवठादार नाही तो कोड वापरायला परवानगी मिळणं अवघड असायचं. आता तोच कोड मायक्रोसॉफ्टच्या पाठिंब्यासह आत येऊ शकत होता.

नंतर काय झालं तेही सांगण्यासारखं आहे. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी जेक्वेरीसाठी काही जोड-भाग लिहून दिले. त्यांतला एक, माहितीवरून पानाचा मजकूर तयार करणारा टेम्प्लेटचा भाग, अधिकृत म्हणून स्वीकारला गेला. पण तो कधी पूर्णत्वाला गेला नाही आणि पुढे त्याचं काम थांबवण्यात आलं. मायक्रोसॉफ्टने लिहिलं म्हणून ते टिकलं पाहिजे असं काही नव्हतं. जगातली एवढी मोठी सॉफ्टवेअर कंपनी तिथे योगदान देणाऱ्यांपैकी एक होती, मालक नव्हती. मला वाटतं, ओपन सोर्समध्ये उतरणं म्हणजे काय हे कंपनीला शिकवणारा हा अनुभव होता.

पैसा सरकला

मग वरच्या मजल्यावर काय घडत होतं? मायक्रोसॉफ्टची जुनी कमाई विंडोज आणि ऑफिसच्या प्रतींवर होती. त्या हिशेबात जे जे विंडोजवाचून चालतं ते सगळं नुकसानीचं. फेब्रुवारी २०१० मध्ये अझूर ही क्लाउड सेवा ग्राहकांसाठी खुली झाली आणि हिशेब पालटू लागला. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधले संगणक भाड्याने घेणं. भाडं वेळेवर आणि वापरावर ठरतं. त्या भाड्याच्या मशीनवर तुम्ही विंडोज चालवा, लिनक्स चालवा, नोड चालवा, पीएचपी चालवा, मीटर सारखाच फिरतो.

या सेवेचं नाव सुरुवातीला 'विंडोज अझूर' होतं. २०१४ मध्ये ते 'मायक्रोसॉफ्ट अझूर' झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नडेला यांनी मायक्रोसॉफ्टला लिनक्स आवडतं असं जाहीर केलं. आज अझूरवरच्या भाड्याच्या मशीनपैकी निम्म्याहून अधिकांवर लिनक्स चालतं. २०१५ मध्ये अझूरची भारतातली डेटा सेंटरं सुरू झाली तेव्हा त्यांतलं एक पुण्यात होतं आणि एक मुंबईत, तिसरं चेन्नईला. पुण्यातल्या त्या इमारतीत मायक्रोसॉफ्ट तिच्या एके काळच्या शत्रूला वीज, गारवा आणि जागा पुरवून पैसे कमावते. ओपन सोर्सवरच्या प्रेमाचं हे मूळ आहे, आणि ते समजून घेण्यात कुणाचा अपमान नाही. स्वार्थावर उभं राहिलेलं धोरण भावनेवर उभ्या राहिलेल्या धोरणापेक्षा जास्त टिकतं.

आता वेब डेव्हलपर अझूरकडे यायचा तर त्याची आवडती अवजारं तिथे नीट चालायला हवीत. २०११ मध्ये नोड जेएस झपाट्याने वाढत होतं. नोडमुळे जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर, सर्व्हरवर चालते. पण ते लिनक्स, मॅक अशा युनिक्स कुळातल्या सिस्टिम्ससाठी लिहिलेलं होतं, विंडोजवर धड चालत नव्हतं. मायक्रोसॉफ्टने तेव्हा नोड सांभाळणाऱ्या जॉयंट या कंपनीशी हातमिळवणी केली आणि त्याच वर्षाच्या शेवटी आलेली नोडची आवृत्ती विंडोजवर मुळापासून चालू लागली. या कामातून लिबयूव्ही नावाची एक लायब्ररी जन्मली. फाइल वाचणं, नेटवर्कवरून माहिती घेणं अशी वेळखाऊ कामं विंडोज आणि युनिक्स वेगवेगळ्या तऱ्हेने हाताळतात. तो फरक लिबयूव्ही झाकते. नोड आजही तिच्यावर उभं आहे.

एकच माणूस, दोन भाषा

मायक्रोसॉफ्टबद्दल जुन्या लोकांच्या मनात जो संशय आहे त्याला एक नाव आहे: आधी कवटाळायचं, मग वाढवायचं, मग संपवायचं. अमेरिकी सरकारने कंपनीवर भरलेल्या मक्तेदारीविरोधी खटल्यात, १९९८ मध्ये, इंटेलच्या एका अधिकाऱ्याने साक्षीत सांगितलं होतं की मायक्रोसॉफ्टच्या बड्या अधिकाऱ्याकडूनच आपण हे शब्द ऐकले.

याचं गाजलेलं उदाहरण जावा या प्रोग्रॅमिंग भाषेचं. जावाची सगळी शपथच अशी होती की एकदा लिहा, कुठेही चालवा. मायक्रोसॉफ्टने जावा बनवणाऱ्या सन कंपनीकडून परवाना घेऊन व्हिज्युअल जे प्लस प्लस हे जावाचं अवजार काढलं आणि त्यात अशा सोयी घातल्या की त्या वापरून लिहिलेला प्रोग्रॅम फक्त विंडोजवरच चालावा. सनने १९९७ मध्ये दावा ठोकला. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने २ कोटी डॉलर देऊन तो मिटवला.

त्या जे प्लस प्लसमागचे प्रमुख तंत्रज्ञ होते अँडर्स हेल्सबर्ग. डेन्मार्कचा हा माणूस टर्बो पास्कल आणि डेल्फीसाठी नावाजलेला, १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आलेला, पुढे सी शार्प भाषेचा जनक. ऑक्टोबर २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट जाहीर झाली तिच्यामागेही हेच हेल्सबर्ग. पुन्हा एकदा दुसऱ्याची भाषा घेऊन ती वाढवण्याचं काम. म्हणून ही दोन कामं शेजारी ठेवून पाहायला हवीत.

जावास्क्रिप्ट ही १९९५ मध्ये नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत उभी केलेली भाषा. पानावरच्या लहानसहान करामतींसाठी ती छान होती. तिच्यात लाखो ओळींचे प्रोग्रॅम लिहायची वेळ आली तेव्हा तिचा मोकळेपणा अंगावर येऊ लागला. ५ हा आकडा आणि '५' हे अक्षर यांची बेरीज तिला सांगितली तर ती तक्रार करत नाही, '५५' असं उत्तर देते. लहान प्रोग्रॅममध्ये ही चूक लगेच दिसते. शंभर लोक काम करतात त्या प्रोग्रॅममध्ये ती ग्राहकाच्या बिलावर दिसते.

टाइपस्क्रिप्टमध्ये तुम्ही सांगून ठेवता: ही किंमत आकडाच असेल, हे नाव मजकूरच असेल. प्रोग्रॅम चालवण्याआधीच ती सगळं तपासते आणि जिथे जुळत नाही तिथे बोट ठेवते. तपासणी झाली की या सगळ्या खुणा पुसून टाकते आणि शुद्ध जावास्क्रिप्ट हातात देते. तीच शुद्ध जावास्क्रिप्ट क्रोममध्ये चालते, फायरफॉक्समध्ये चालते, आयफोनवर चालते. उद्या टाइपस्क्रिप्ट नकोशी झाली तर तयार झालेली जावास्क्रिप्ट घेऊन तुम्ही बाहेर पडू शकता. जे प्लस प्लसमध्ये बाहेर पडायचं दार नव्हतं, इथे ते पहिल्या दिवसापासून आहे. शिवाय परवाना अपाची, म्हणजे मायक्रोसॉफ्टने उद्या काम सोडलं तरी दुसरं कुणी तिथूनच पुढे नेऊ शकतं.

हे इतरांना पटलं याचा मोठा पुरावा २०१५ मध्ये मिळाला. वेब अ‍ॅप बनवायची अँग्युलर ही चौकट सांभाळणारी गूगलची टीम स्वतःची तशीच एक भाषा घडवत होती. ती बाजूला ठेवून त्यांनी अँग्युलरची पुढची आवृत्ती टाइपस्क्रिप्टमध्ये लिहायचं ठरवलं. प्रतिस्पर्ध्याने तुमच्या पायावर घर बांधायला घेणं, यापेक्षा मोठी पावती कोणती?

व्हीएस कोड आणि त्यामागचा करार

व्हीएस कोडची कहाणी स्वित्झर्लंडमधल्या झुरिकची आहे. एक्लिप्स या जावाच्या प्रसिद्ध एडिटरवर काम केलेले एरिक गामा २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि तिथे छोट्या टीमसोबत ब्राउझरमध्ये चालणारा एडिटर बनवू लागले. त्याचं नाव मोनॅको. काही वर्षं तो कंपनीच्या वेगवेगळ्या वेब सेवांमध्ये वापरला गेला, पण बाहेर त्याचा फारसा बोलबाला नव्हता. मग टीमने तो ब्राउझरमधून काढून स्वतंत्र अ‍ॅपमध्ये बसवला. त्यासाठी घेतलेली चौकट होती इलेक्ट्रॉन, जी गिटहबने आपल्या अ‍ॅटम या एडिटरसाठी बनवून खुली केली होती. व्हीएस कोड २९ एप्रिल २०१५ रोजी जाहीर झाला. विंडोज, मॅक आणि लिनक्स, तिन्हींसाठी एकाच दिवशी. १८ नोव्हेंबरला त्याचा कोड एमआयटी परवान्याखाली खुला झाला.

एडिटर चांगला आहे, वेगवान आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या मते त्याच्यातून निघालेली जास्त मोलाची गोष्ट वेगळीच आहे आणि तिच्याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं. तुम्ही टाइप करताना एडिटर पुढचा शब्द सुचवतो, चुकीखाली लाल रेघ ओढतो, एखाद्या फंक्शनवर क्लिक केलं की ते जिथे लिहिलंय तिथे नेतो. हे करायला एडिटरला ती भाषा समजावी लागते. पूर्वी प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेची समज वेगळी लिहावी लागे. १० एडिटर आणि २० भाषा असतील तर २०० वेळा तेच काम. साहजिकच मोठ्या कंपन्यांच्या एडिटरांना सगळं मिळायचं, आणि एखादी छोटी भाषा किंवा एखादा छोटा एडिटर उपाशी राहायचा.

जून २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडएन्व्ही या कंपन्यांसोबत लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. भाषेची समज एका वेगळ्या प्रोग्रॅममध्ये ठेवायची आणि एडिटरने त्याच्याशी ठरलेल्या पद्धतीने बोलायचं, एवढीच कल्पना. म्हणजे १० एडिटर आणि २० भाषांसाठी ३० कामं पुरतात. हा नियमसंच खुला आहे, त्यामुळे विम आणि ईमॅक्ससारखे जुने एडिटरही आज तीच समज वापरतात. मायक्रोसॉफ्टचा एडिटर न वापरणाऱ्यालाही याचा फायदा झाला. कंपनीने ओपन सोर्सला नेमकं काय दिलं असं कुणी विचारलं तर मी आधी या कराराकडे बोट दाखवेन.

पुढच्या मोठ्या घटना बहुतेकांना ठाऊक आहेत. जून २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने ७५० कोटी डॉलरच्या शेअर्सच्या बदल्यात गिटहब घ्यायचं जाहीर केलं. गिटहब ज्या गिटवर, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या अवजारावर, उभं आहे ते लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या कामासाठी लिहिलेलं. २०२० मध्ये गिटहबने एनपीएम घेतलं. डिसेंबर २०२२ मध्ये अ‍ॅटम बंद करण्यात आला, म्हणजे ज्याच्या चौकटीवर व्हीएस कोड उभा राहिला तोच एडिटर. अ‍ॅटमच्या जुन्या वापरकर्त्यांना याचं वाईट वाटलं आणि ते रास्त होतं.

कुलूप कुठे आहे

आता दुसरी बाजू, आणि ती नीट समजून घेण्याची गरज विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त आहे असं मला वाटतं.

गिटहबवर व्हीएस कोडचा जो कोड आहे तो एमआयटी परवान्याचा. पण मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून तुम्ही डाउनलोड करता तो तयार एडिटर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या परवान्याखाली येतो. त्यात वापराची माहिती कंपनीला पाठवणारी यंत्रणा असते. सेटिंगमधून ती कमी करता येते. त्याच कोडपासून ही यंत्रणा वगळून बनवलेला व्हीएसकोडियम नावाचा वेगळा एडिटर मिळतो. तिसरा भाग एक्स्टेन्शनांचा, म्हणजे एडिटरला जोडायच्या जादा सोयींचा बाजार: मार्केटप्लेस. त्याच्या अटींनुसार तो फक्त मायक्रोसॉफ्टच्या उत्पादनांसाठी आहे. म्हणून व्हीएस कोडचा उघडा कोड घेऊन कुणी स्वतःचा एडिटर बनवला तर त्याला हा बाजार वापरता येत नाही. त्यासाठी एक्लिप्स फाउंडेशनचा ओपन व्हीएसएक्स हा वेगळा, खुला बाजार आहे.

आणि काही महत्त्वाची एक्स्टेन्शनंच बंद आहेत. पायथनसाठीचं पायलान्स, दूरच्या सर्व्हरवर काम करू देणारी रिमोटची एक्स्टेन्शनं, सी शार्पचं डेव्ह किट. एप्रिल २०२५ मध्ये कर्सरसारख्या, व्हीएस कोडच्या कोडवर बनलेल्या एडिटरांमध्ये मायक्रोसॉफ्टचं सी आणि सी प्लस प्लसचं एक्स्टेन्शन चालेनासं झालं. अट जुनीच होती, अंमल नव्याने झाला. कायद्याने कंपनीचं काही चुकलेलं नाही. पण अशा एक्स्टेन्शनवर रोजचं काम अवलंबून असेल तर आपण खुल्या अवजारावर काम करतोय हा समज अर्धाच खरा आहे.

आतली ओढाताण उघडी पडली ती ऑक्टोबर २०२१ मध्ये. डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅम लिहायच्या खुल्या चौकटीत हॉट रीलोड नावाची सोय येणार होती: प्रोग्रॅम चालू असतानाच कोड बदला आणि बदल लगेच पाहा. कमांड लाइनवरही, म्हणजे नुसत्या टाइप केलेल्या आज्ञांनीही, ती चालणार होती, म्हणजे मॅक आणि लिनक्सवाल्यांनाही मिळणार होती. आवृत्ती प्रसिद्ध व्हायला काही आठवडे असताना कंपनीने ती खुल्या भागातून काढली आणि फक्त विंडोजवरच्या व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ मध्ये ठेवायचं ठरवलं. कोड उघडा असल्यामुळे तो काढताना सगळ्यांना दिसला. डेव्हलपर संतापले, कंपनीतल्याही अनेकांना हे रुचलं नाही. काही दिवसांतच निर्णय फिरवला गेला आणि कंपनीने चूक जाहीरपणे कबूल केली. बंद सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय काढली गेली असती तर ती कधी होती हेसुद्धा बाहेर कळलं नसतं.

ब्राउझरच्या बाबतीत मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. डिसेंबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एज ब्राउझरचं स्वतःचं इंजिन सोडून गूगलच्या पुढाकाराने चालणाऱ्या क्रोमियमवर जायचं जाहीर केलं. नवा एज जानेवारी २०२० मध्ये आला. वेबसाइट बनवणाऱ्यांचं काम सोपं झालं हे नक्की. पण वेब दाखवणारी मोठी इंजिनं आता तीनच उरली: क्रोमियमचं ब्लिंक, सफारीचं वेबकिट आणि फायरफॉक्सचं गेको. कोड खुला असला तरी वेब कुठल्या दिशेला जाणार हे ठरवणारे हात कमी झाले. ओपन सोर्स स्वीकारण्याची प्रत्येक बातमी वेबसाठी आपोआप चांगली असते, असं मी म्हणणार नाही.

आपल्या प्रोजेक्टसाठी एखादं अवजार निवडताना म्हणून मी आधी रिपॉझिटरीतली, म्हणजे त्याचा कोड ठेवलेल्या जागेतली, परवान्याची फाइल उघडायला सांगेन. मग डाउनलोड होणारी वस्तू त्याच परवान्याची आहे का ते पाहा. बाहेरच्या लोकांच्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे त्यांनी सुचवलेले बदल, खरोखर स्वीकारल्या जातात का, तेही तिथेच दिसतं. आणि ते चालायला कुणाचा सर्व्हर लागतो, ते विचारा. टाइपस्क्रिप्ट या कसोटीला व्यवस्थित उतरते. व्हीएस कोड बराचसा उतरतो. गिटहबचं मुख्य सॉफ्टवेअर उतरतच नाही, कारण जगभरचा खुला कोड ठेवणारी ती साइट स्वतः बंद आहे. तुमचा कोड मात्र गिटमध्ये असल्याने सगळ्या इतिहासासकट दुसरीकडे हलवता येतो.

सध्या ही सीमारेषा कोपायलटवरून, म्हणजे कोड सुचवणाऱ्या गिटहबच्या एआय मदतनीसावरून जाते. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीएस कोडमधल्या कोपायलट चॅटच्या एक्स्टेन्शनचा कोड एमआयटी परवान्याखाली खुला केला. तुमचा प्रश्न कसा बांधला जातो, सोबत तुमच्या फाइलमधलं काय पाठवलं जातं, हे आता वाचता येतं. उत्तर देणारं मॉडेल मात्र सर्व्हरवर आहे आणि ते बंद आहे. कोपायलट घडवताना गिटहबवरचा सार्वजनिक कोड वापरला गेला, आणि त्यातला पुष्कळसा एमआयटीसारख्या परवान्यांचा आहे, ज्यांची एवढीच मागणी असते की लेखकाची नोंद काढू नका. कोपायलट कोड सुचवतो तेव्हा ती नोंद सहसा सोबत येत नाही. यावर काही प्रोग्रॅमरांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयात मायक्रोसॉफ्ट, गिटहब आणि ओपनएआयविरुद्ध दावा केला. न्यायाधीशांनी त्यातले बरेच मुद्दे फेटाळले आणि नोंद गाळल्याच्या मुद्द्यावर फिर्यादी वरच्या न्यायालयात गेले. कायद्याने निकाल काहीही लागो, ज्याने रात्री जागून एखादी लायब्ररी लिहिली आणि बदल्यात फक्त आपलं नाव राहू द्या म्हटलं, त्याची ती मागणी अवाजवी नव्हती, असं मला ठामपणे वाटतं.